सशाच्या गोळ्या

मर्वचा खांदा गेल्या हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जुलैत, कापून शिवला. डॉक्टरीणबाईने घरी सोडताना सांगितलं, की धक्का देणारी मोठी बंदूक आता उचलायची नाही. मर्वने मान डोलावली. तो मान डोलावतो तेव्हा त्याने काही ऐकलेलं नसतं. मी त्याची थोरली बहीण आहे, ही मान मी साठएक वर्षं बघते आहे.

या वेळी मात्र त्याने ऐकलं. कारण डॉक्टरीणबाईच्या आधीच ग्लेनिस बोलून बसली होती.

ग्लेनिस मॅकइलरेथ आमच्या खोऱ्यातल्या सगळ्यात वरच्या रानाची मालकीण. खाली तिच्या मेंढ्या, वर टसॉक गवत आणि त्याच्याही वर बीचच्या झाडांचं जंगल. एप्रिलमध्ये तिथे नर हरणं डुरकायला लागली, की खोऱ्यातल्या पुरुषांचं कामात चित्त राहत नाही. वर जायचं तर ग्लेनिसच्या फाटकातून जावं लागतं, आणि फाटकातून कोणी जायचं ते ग्लेनिस ठरवते. आधी तिचा नवरा स्ट्रूअन ठरवायचा. त्याने मर्वला ऐन पंचविशीत आत घेतलं, तेव्हापासून मर्वचा एकही एप्रिल चुकलेला नाही. त्याची बायको गेली त्या वर्षीसुद्धा तो वर गेला होता. मी तेव्हा बोलले नाही. माणसाला कुठेतरी जावंच लागतं.

गेल्या एप्रिलला मर्वची गोळी नराच्या पोटात लागली. दुखऱ्या खांद्याला धक्का बसणार या धास्तीने घोडा दाबताना त्याचं अंग आपोआप आक्रसलं, आणि नळी हलली. नर पळाला. मर्व आणि मी अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरलो. तिसऱ्या दिवशी ग्लेनिसच्या कुत्र्यांना तो ओढ्यात बसलेला सापडला, जिवंत. तिने स्वतः त्याला संपवलं आणि तशीच चिखलाच्या बुटांनी आमच्या दारात आली.

"मर्व, तू स्ट्रूअनचा मित्र होतास म्हणून एकदा सोडते," ती म्हणाली. "परत जनावरावर अशी भलतीकडे गोळी गेली, तर फाटक बंद. तुझ्यासाठी कायमचं."

ती चहालासुद्धा थांबली नाही. त्या दिवसापासून मर्वला एकच काळजी होती. टेकडीवरून त्याला कोणी काढू नये.

*

मोठी बंदूक गेली म्हणजे छोटी आली, आणि घरात छोटी बंदूक एकच होती. माझी. टू-टू-थ्री मापाची, बारीक नळीची, जुनी, लाकडी दस्त्याची. मी तिने आयुष्यभर ससे मारले. इथल्या शेतांवर ससा म्हणजे चालतीबोलती कीड, आणि ती कीड काढण्याचे मला लोक पैसे द्यायचे. मर्व त्या बंदुकीला 'नोलीनची विणायची सुई' म्हणत आला.

फेब्रुवारीत तो माझ्या स्वयंपाकघरात आला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुझी ती सुई रिकामीच पडून असते ना?"

"का? मफलर विणायचाय?"

"मस्करी नको करूस. देतेस का नाही?"

"देते. पण हिच्यात हरणाला काय घालणार आहेस ते आधी ठरव. ससा आणि हरीण यांची एकच गोळी नसते."

"मला शिकवू नकोस. तू ससे मोजत फिरायचीस तेव्हापासून मी हरणं मारतोय."

"मोठ्या बंदुकीने. तिच्यात गोळी कुठलीही घातली तरी हरीण पडतं. लहान बंदुकीत सगळा खेळ गोळीचाच असतो."

हे खरं आहे, आणि लहान बंदुकीला हसणारे लोक हेच विसरतात. सशाची गोळी मुद्दाम नाजूक केलेली असते. वरचं कवच पातळ, टोकाला प्लास्टिकची बोंडी. अंगाला लागली रे लागली की फुटते. सशाला ते पुरतं. हरणाच्या खांद्याच्या हाडावर तीच गोळी वरच्यावर फुटते, कातडीला बशीएवढी जखम होते आणि हरीण पळून जातं. मग आठवडाभराने कुठेतरी मरतं. हरणाला जाड कवचाची गोळी लागते, आत जाऊन मग उमलणारी. इतकं मर्वलाही ठाऊक होतं. त्याला त्याच्या पुढचं ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

शहरातल्या बंदुकीच्या दुकानात विरेमू असतो. भला माणूस, पण बोलायला लागला की गिऱ्हाइकाची गाडी बाहेर थंड होते. त्याने मर्वला विचारलं, "टू-टू-थ्री? तू? बंदूक कुठली, नवी का?"

बहिणीची जुनी बंदूक मागून आणली आहे, हे मर्वच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, "नवीच म्हण."

"मग डोळे झाकून ही घे," विरेमू म्हणाला आणि त्याने सगळ्यात जड गोळ्यांचं खोकं काढून दिलं. "लांब गोळी, जड गोळी. हरणात खोल जाते. नव्या नळ्यांसाठीच बनवलीय."

विरेमूचं काही चुकलं नाही. नव्या बंदुकीच्या नळीत आतले पीळ घट्ट असतात, लांब गोळीला ते भोवऱ्यासारखं जोरात फिरवतात आणि ती सरळ जाते. माझ्या बंदुकीचे पीळ जुन्या चालीचे, सैल. त्या नळीतून लांब गोळी धड फिरतच नाही, ती वाटेत डुलते आणि आडवी होते. मला हे माहीत होतं. पण मर्वने खोकं मला दाखवलंच नाही. घरी आल्यावर ते त्याने मोज्यांच्या खणात ठेवलं. बायकांपासून वस्तू लपवायची त्याची जागा कायम तीच असते.

तालीम त्याने केली, नाही असं नाही. मी स्कोनचे छोटे पाव भाजत होते तेव्हा मागच्या कुरणात दोन-तीन बार ऐकू आले. मग तो आत आला तो रंगाचा रिकामा डबा हातात घेऊन, चेहरा लहान मुलासारखा फुललेला.

"बघ. बघ तुझी सुई काय करते ते."

डब्याला भोक पडलेलं नव्हतं, डबा फाटला होता. बोटभर लांब चीर, कडा बाहेर वळलेल्या.

"याला म्हणतात हरणाची गोळी," मर्व म्हणाला. "सशाच्या गोळीने असं कधी झालं होतं?"

डब्याला इतक्या जवळून गोळी आडवी लागली होती, म्हणून तो फाटला होता. मर्वला वाटलं, ही गोळीची ताकद. माझे हात पिठात होते आणि ओव्हनची घंटी वाजत होती, मी नीट बघितलंच नाही. मी म्हटलं, "डबा केरात टाक, तळाचा रंग सांडतोय."

*

मोसमाच्या आधीच्या शनिवारी ज्यांना वर जायचं असतं ते सगळे ग्लेनिसच्या लोकरीच्या शेडमागे जमतात. ही स्ट्रूअनची पद्धत. कागदावर ग्लेनिसची चहाची बशी पालथी घालून पेन्सिलीने गोल काढायचा, कागद शंभर मीटरवर लावायचा, आणि तीन गोळ्या त्या गोलात बसवायच्या. बसल्या तर वर जायचं. नाही बसल्या तर सगळ्यांचं झाल्यावर आणखी एकदा तीन. तेही चुकलं तर पुढच्या वर्षी या. आणि ज्या गोळ्यांनी कागद फोडला त्याच गोळ्या वर न्यायच्या, दुसऱ्या नाही. पूर्वी काही हुशार लोक कागदासाठी भारी काडतुसं आणायचे आणि डोंगरावर स्वस्तातली न्यायचे. ते स्ट्रूअनने असं बंद केलं. फाटकाशी उभं राहून तो खिसे तपासायचा. ग्लेनिस खिसे तपासत नाही, नुसतं विचारते, आणि तिच्याशी अजून कोणी खोटं बोललेलं नाही.

त्या शनिवारी छान ऊन होतं. ग्लेनिसने चीज रोलचं ताट बाकावर ठेवलं होतं आणि तरुण पोरं त्याच्याभोवती माश्यांसारखी घोंगावत होती. त्यांच्यात कोबी नावाचा एक होता, खोदाईचं यंत्र चालवणारा, आमच्याच रस्त्यावरचा. त्याचीही बंदूक टू-टू-थ्री, पण नवी, काळी, प्लास्टिकची. मर्व माझ्या बंदुकीची पिशवी उघडायला लागला तसा तो जवळ आला.

"मर्व, ही नोलीनची सुई ना?"

"हो."

"मग आज काय, गुंड्या लावायच्यात?"

सगळे हसले. मर्वही हसला, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. तो वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून पडला आणि सावकाश तीन गोळ्या झाडल्या.

ग्लेनिस कागद घेऊन आली. गोलात काहीच नव्हतं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक भोक होतं, खालच्या कडेला एक, आणि तिसरं कागदाला लागलंच नव्हतं. भोकं गोल नव्हती. किल्लीच्या भोकासारखी लांबट होती.

"म्हाताऱ्याचा हात गेला," कोणीतरी मागून म्हणालं, फार हळू नाही.

मर्व कागदाकडे बघत राहिला. त्यालाही तसंच वाटत होतं, हे मला त्याच्या मानेवरून दिसलं. मी भोकं बघितली आणि मला सगळं कळलं. मी त्याला बाजूला ओढलं.

"खोकं दाखव."

त्याने खिशातून खोकं काढलं. मी त्यावरचा आकडा वाचला आणि मला त्याचा इतका राग आला, की तिथेच त्याच्या डोक्यात ते खोकं घालावंसं वाटलं.

"हात नाही गेला तुझा. अक्कल गेलीय. ही गोळी या नळीत चालत नाही. आडवी होते."

"विरेमू म्हणाला..."

"विरेमूला तू काय सांगितलंस?"

त्याचे कान लाल झाले. लाज वाटली की ते लाल होतात.

"तुझ्या गाडीत आहेत का?" त्याने विचारलं. "तुझ्या?"

माझ्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात सशाच्या गोळ्यांचं खोकं कायम असतं, गोळ्या-बिस्किटांच्या डब्यासारखं. त्या गोळ्या त्या नळीतून दोरी बांधल्यासारख्या सरळ जातात. ते दोघांनाही माहीत होतं. त्या गोळ्यांनी कागद फोडला तर वरही त्याच न्याव्या लागतील, हेही माहीत होतं.

"मर्व, ससे नाहीत वर."

"मानेवर मारीन. मानेत गोळी फुटली तरी जनावर जागीच पडतं. मान मिळाली नाही तर घोडा दाबणार नाही. शप्पथ."

"उद्या दुसऱ्या गोळ्या आण आणि ग्लेनिसला सांग."

"कागद आजच असतो, नोलीन. आज नाही तर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी मी..." त्याने खांद्याकडे बघितलं. "दे ना गं."

मागे पोरं अजून गुंड्यांचे विनोद करत होती. मी गाडीकडे गेले आणि खोकं आणलं.

सगळ्यांचं झाल्यावर मर्व पुन्हा पडला. तिन्ही भोकं मुरंब्याच्या बरणीच्या झाकणाखाली लपली असती. पोरं कागद बघायला पुढे आली. ग्लेनिसने कागद उन्हात धरून बघितला, मग त्याच्याकडे बघितलं.

"याच नेणार?"

"याच," मर्व म्हणाला.

तिला हरणं, मेंढ्या, कुत्री, माणसं सगळं कळतं, पण गोळ्यांमधलं फार कळत नाही. स्ट्रूअनच्या पद्धतीप्रमाणे कागद बरोबर होता. ती म्हणाली, "सोमवारी ये मग."

*

सोमवारी मी त्याच्याबरोबर गेले, कारण त्याच्या खांद्यावर ओझं देता येत नव्हतं. जंगलाची कड जिथे टसॉकला लागते तिथे आम्ही एका पडलेल्या ओंडक्यामागे बसलो. धुकं उठत होतं. दरीच्या पलीकडून एक नर डुरकला, खरवडल्यासारख्या आवाजात. मर्वने गाईच्या शिंगाची तुतारी तोंडाला लावली आणि त्याला उलट डुरकून दाखवलं. हे त्याला सुरेख जमतं. हरणालाच काय, मलासुद्धा दुसरा नर आल्यासारखं वाटतं.

असं बराच वेळ चाललं. दोघं एकमेकांना शिव्या देत होते म्हणायला हरकत नाही. आणि मग नर जंगलातून बाहेर आला, आमच्या समोर, आडवा, डावीकडे तोंड करून. मोठा होता. चिखलात लोळून काळा झालेला, शिंगांना गवत अडकलेलं. मान पुढे लांबवून तो डुरकायचा, मग मान वर घ्यायचा, मग पुन्हा पुढे. मान एका जागी राहतच नव्हती.

"मान नाही मिळत," मी पुटपुटले.

मर्वने गाल दस्त्याला लावला. तो दुर्बिणीतून बघत होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग बार झाला.

नर उभ्या जागी कोसळला. पायसुद्धा झाडले नाहीत.

आम्ही चालत गेलो. गोळी मानेत लागली होती, जबड्याच्या खाली, ऐन मधोमध. मी आयुष्यात मर्वचं फार कौतुक केलेलं नाही, पण तेव्हा मी त्याच्या चांगल्या खांद्यावर थाप मारली.

"मिळाली की मान. हलत्या मानेला. स्ट्रूअनलाही जमलं नसतं."

मर्व गुडघ्यावर बसला होता. त्याने भोकाला बोट लावलं आणि मग हात खाली आणला, नराच्या पुढच्या पायाच्या मागे, बरगड्यांवर ठेवला.

"मी इथे धरली होती," तो म्हणाला.

मला क्षणभर कळलंच नाही.

"मान हलत होती. मला वाटलं आता जाईल. म्हणून बरगडीवर नेम धरला. आणि घोडा दाबताना..." त्याने खांदा हलवून दाखवला. अंग आक्रसल्यासारखा. "तसंच झालं, नोलीन. धक्का नाहीच हिला, तरी तसंच झालं."

धक्का बंदुकीत राहिला नव्हता, तो मर्वच्या अंगात जाऊन बसला होता. वाळूच्या पिशवीवर पडून, सावकाश, कागदाला ते होत नाही. जनावरासमोर होतं. मी म्हटलं, "पडलं ना? पडलं म्हणजे झालं. चल, पोट साफ करायला घेऊ." तो माझं ऐकून उठला आणि आम्ही कामाला लागलो. नर खाली ओढायला मग पोरं आली. मला वाटलं, विषय संपला.

*

संध्याकाळपर्यंत खोऱ्यात बातमी पोचली होती. लोकरीच्या शेडमधल्या तुळईला नर टांगला होता, आणि पोरं बिअरच्या बाटल्या घेऊन त्याच्याभोवती उभी होती. ग्लेनिसने स्वतः मर्वला बाटली उघडून दिली. गेल्या वर्षीपासून ती त्याच्याशी एका वाक्याच्या वर बोलली नव्हती.

"मानेला," ती म्हणाली. "हलत्या मानेला. तेही सुईने." आणि ती हसली.

मर्वने बाटली घेतली. पण प्यायला नाही.

तेवढ्यात कोबी गाडीतून काहीतरी घेऊन आला. दोन खोकी होती. माझ्याच गोळ्यांची, त्याच रंगाची, सशाची.

"ग्लेनिस, माझी पाळी बुधवारी आहे," तो म्हणाला. "शनिवारी मी त्या महागाच्या गोळ्यांनी कागद मारला. आता या आणल्यात. मर्वचं बघून. अर्ध्या पैशात होतं काम. उद्या सकाळी कागद परत मारू का?"

"मलाही मारायचाय," मागून दुसरा एक म्हणाला. "माझ्याकडेही याच आहेत घरी."

ग्लेनिसने तुळईकडे बघितलं. शनिवारनंतर तिने आजवर कोणाला कागद मारू दिला नव्हता, पण त्या नराकडे बघून कोण काय म्हणणार होतं?

"ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी."

मर्वने बाटली बाकावर ठेवली.

"त्या नेऊ नकोस, कोबी."

"का? तू नेल्यास की."

"माझं नशीब होतं. सशाच्या आहेत त्या. हाडावर फुटतात."

"मी पण मानेवर मारीन," कोबी म्हणाला. "तुला जमतं तर मला जमेल. माझा खांदा तरी शाबूत आहे." पोरं हसली, चेष्टा म्हणून, वाईट मनाने नाही.

मी मर्वकडे बघितलं. तो आता काय करणार ते मला दिसलं आणि मी मनात म्हटलं, नको. पुरे. सांगून झालं, आता गप्प बस. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

"मी मानेवर मारली नव्हती," तो म्हणाला.

बाहेर कुत्रा साखळी ओढत होता, त्याचा आवाज येत होता.

"कुठे मारली होतीस?" ग्लेनिसने विचारलं.

मर्व टांगलेल्या नरापाशी गेला. उलटा टांगलेला असल्यामुळे जागा शोधायला त्याला जरा वेळ लागला. मग त्याने एक बोट बरगड्यांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट मानेतल्या भोकावर. दोन्ही बोटांमध्ये हातभर अंतर होतं. कोणाला मोजायची गरज नव्हती.

ग्लेनिस जवळ आली. तिने आधी त्याच्या एका बोटाकडे बघितलं, मग दुसऱ्या. मग तिने आपलं बोट तिसऱ्याच जागी ठेवलं, बरगड्यांच्या उलट बाजूला, तेवढ्याच अंतरावर. तिथे पोट येतं.

"म्हणजे गेल्या वर्षीसारखंच," ती म्हणाली.

"हो," मर्व म्हणाला. "बाजू तेवढी वेगळी."

ग्लेनिसने बोट काढून घेतलं. ती वाईट बाई नाही. तिचा चेहरा पडला होता. पण तिने शब्द दिला होता, आणि इतक्या लोकांसमोर आता तो तिला परत घेता येण्यासारखा नव्हता. तिला तो घ्यायचाही नव्हता, असं मला वाटतं. ओढ्यातलं ते जनावर तिने पाहिलं होतं, आम्ही पाहिलं नव्हतं.

"मग झालं, मर्व," ती हळू म्हणाली. "मांस घेऊन जा. ते तुझंच आहे."

"बरं," मर्व म्हणाला.

कोबी हातातल्या खोक्यांकडे बघत होता. मग तो गाडीकडे गेला आणि हात रिकामे करून परत आला. त्याचे कान मर्वसारखेच लाल झाले होते. "मग कुठल्या घेऊ?" त्याने विचारलं. मर्वने त्याला सांगितलं. तुझी नळी नवी आहे, विरेमूच्या जड गोळ्या तुझ्यासाठीच आहेत, त्याच ने ज्यांनी शनिवारी कागद मारलास. पैशांकडे बघू नकोस. खांद्याच्या मागे नेम धर आणि मान विसरून जा. मानेच्या गोष्टी बाटल्या हातात असताना सांगायच्या असतात. कोबी मान डोलावत होता, आणि तो ऐकत होता.

आम्ही मांस कापडात गुंडाळून गाडीत घातलं. मी चालवत होते. मी गप्प राहायचं ठरवलं होतं, पण शेड मागे पडताच माझ्याच्याने राहवेना.

"मूर्ख आहेस तू," मी म्हटलं. "त्या गोळ्या वाईट आहेत एवढं सांगून झालं होतं ना? आणखी दोनदा सांगायचं. तुझं तोंड दुखलं असतं का? टेकडी घालवलीस."

मर्व खिडकीबाहेर बघत होता. डोंगरावर कुठेतरी एक नर डुरकत होता, आणि त्याला उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

"तोंडाने किती सांगणार?" तो म्हणाला. "त्यांच्यासमोर मेलेलं हरीण टांगलेलं होतं, नोलीन. त्या हरणापुढे माझं कोण ऐकणार?"

मला रडू आलं. रस्ता धड दिसेना, म्हणून मी गाडीचा वेग कमी केला. फाटकाशी थांबले. मर्व नेहमीसारखा उतरला, मी गाडी बाहेर काढली, आणि आरशात तो फाटक ओढून साखळी अडकवताना दिसला. चांगल्या हाताने. मग तो येऊन बसला, दार लावलं, आणि म्हणाला, "उद्या विरेमूकडे जाऊन येऊ. त्याला खरी बंदूक सांगितली पाहिजे, 'नवीच म्हण' म्हणणाऱ्याला नीट विचारत जा म्हणून, नाहीतर दुसऱ्या कोणाला देईल तसलंच खोकं."